तांबड्या मातीचा डोंगर : डिचोली ते पेडणे

शार्लटला घर घेतलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाची एक तक्रार ठरलेली असते. मुलं मागच्या अंगणातून खेळून आली की पांढऱ्या मोज्यांवर तांबडे डाग, आणि ते कशानेही जात नाहीत. हौसेने मेथी-कोथिंबीर लावायला जावं तर फावडं टणकन आपटतं. मग मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात कोणीतरी अनुभवी काका सांगतात, "ही इथली रेड क्ले. आधी चुना घाला, मग कंपोस्ट घाला, मग कोथिंबिरीचं बोला."

गेल्या जूनमध्ये मुलांना घेऊन मी माझ्या आजोळी गेले, गोव्यात पेडणे तालुक्यात. मोप्याच्या नव्या विमानतळावर उतरलो, गाडी बाहेर पडली, दोन्ही बाजूंना डोंगर कापलेला दिसला आणि अकरा वर्षांचा आमचा चिरंजीव म्हणाला, "आई, हे तर आपलंच बॅकयार्ड!"

दिसायला खरंच दोघी बहिणी शोभतात. दोन्हीकडे खडक जागच्या जागी कुजून माती झालेली आहे, दोन्हीकडे लोखंड गंजून रंग आलेला आहे, दोन्ही माती आंबट आहेत. पण एक फरक माझ्या मुलीने मला सांगितला. ती शाळेत पर्यावरणशास्त्र शिकते आहे. कॅरोलायनात आपण जी लाल माती बघतो ती बऱ्याच ठिकाणी मूळची वरची माती नव्हेच, खालचा थर आहे. वरची भुसभुशीत माती कापसाच्या शेतीच्या काळात वाहून गेली. हे ओळखून ज्याने अमेरिकेत मृदसंधारणाची चळवळ उभी केली तो ह्यू हॅमंड बेनेट शार्लटपासून तासाभराच्या अंतरावरच्या अ‍ॅन्सन काउंटीतला. १९३५ साली सरकारने मृदसंधारणाचं खातं काढलं, त्याचा तो पहिला प्रमुख. आपण ज्याला नावं ठेवतो ती माती म्हणजे घरातलं सोनंनाणं गेल्यावर उरलेल्या भिंती आहेत. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण आमच्या आजोळी प्रश्न तोच होता.

आजोबांचा एक डोंगर आहे. डोंगर म्हणजे फार मोठं काही नाही. वर चिऱ्याचा सडा, उतारावर काजू आणि थोडं रान, पायथ्याला माडांचं भाट आणि त्याखाली भाताचे दोन कोपरे. आजोबांना तीन मुलं: माझी आई, मावशी आणि मामा. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी भेद नाही, सगळ्यांना सारखा वाटा. आई आणि मामा आता नाहीत. त्यामुळे सह्या लागतात चौघांच्या: मावशीची, मामेभावाची, डिचोलीला दिलेल्या मामेबहिणीची आणि माझी. विमानतळ झाल्यापासून पेडण्यात जमिनीचे भाव असे चढलेत की गावात कोणाला खरा आकडा सांगितला तर तो तुमच्याकडे संशयाने बघतो. आमच्या डोंगराला एक गिऱ्हाईक आलं होतं. मामेभावाचा फोन आला, "ताई, यंदा येशील तेव्हा निकाल लावूया."

आधी डिचोली. मामेबहिणीकडे दोन दिवस राहिलो. भाऊजींचे एकेकाळी दोन ट्रक खाणीवर चालत, त्यामुळे आसपासचा प्रत्येक डोंगर त्यांना आतून-बाहेरून ठाऊक.

डिचोलीत आपण ज्या खडकावर उभे असतो त्याला भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात याच गावाचं नाव आहे, 'बिचोलिम फॉर्मेशन'. एखाद्या तालुक्याच्या गावाचं नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी उच्चारावं, ही काही लहान गोष्ट नव्हे. गावात मात्र कोणाला त्याचं कौतुक दिसलं नाही. भाऊजींनी रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीजवळ गाडी थांबवली. गुलाबी, जांभळट, पिवळे, मध्येच करडे पट्टे. वहीच्या पानांसारखे पातळ थर. मुलाने नखाने खरवडलं तर पूड हातात आली आणि बोटं रेशमासारखी गुळगुळीत झाली.

हा खडक मुळात समुद्रतळाशी साचलेला गाळ. वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा जाड अशा कणांना सिल्ट म्हणतात. ते थरावर थर साचून दबले की सिल्टस्टोन होतो. त्याहून बारीक चिखलाचा शेल होतो. त्यावर डोंगर घडवणाऱ्या हालचालींचा दाब आणि उष्णता आली की त्याची पानं सुटतात आणि फिलाइट बनतो. इथला हा गाळ अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. त्यात मधूनमधून लोखंडाचे पट्टेही साचले होते, ते पुढे डिचोलीच्या नशिबी आले.

मग पाऊस. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, शार्लटच्या जवळजवळ तिप्पट, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढं कोमट पाणी लाखो वर्षं खडकातून झिरपत राहिलं की विरघळणारं सगळं निघून जातं: आधी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, सोडियम, मग हळूहळू सिलिकासुद्धा. मागे राहतं ते हट्टी लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. लोखंड गंजतं. पाणी घातलेला गंज पिवळट, कोरडा गंज लाल. डोंगराच्या माथ्याशी हा गंज घट्ट जमून त्याचा दगड होतो, तो जांभा. गोव्यात त्याला चिरा म्हणतात. चिऱ्याच्या खाली मऊ, ओलसर, रंगीबेरंगी चिकणमाती. तिच्याखाली अर्धवट कुजलेला खडक आणि मग शाबूत खडक. भाऊजी याला सरळ "वर पाव, खाली लोणी" म्हणतात. मुलांना ते एका झटक्यात समजलं.

माझे सासरे सोलापूरचे. त्यांना काळी माती हीच माती. गोव्यातली त्यांच्या लेखी रंगवलेली वाळू. त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. देशावरची काळी माती बेसॉल्टची. तिची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. गोव्याच्या तांबड्या मातीतही चिकणमाती भरपूर असते, पण ती वेगळ्या जातीची, न फुगणारी, आणि लोखंड तिचे कण एकमेकांना चिकटवून रव्यासारखे दाणे करतं. त्यामुळे पाणी तिच्यातून वाळूतून जावं तसं खाली जातं. शिवाय ही माती फॉस्फरस धरून बसते, खत घातलं तरी झाडाला सहज सोडत नाही. तेव्हा हिरवंगार रान बघून ही माती सुपीक असावी असं वाटतं, तो निव्वळ भास आहे. रानाचं सगळं भांडवल वरच्या चार बोटांत असतं, पालापाचोळा कुजून झालेल्या काळपट थरात. झाड तिथूनच खातं आणि पान गळून तिथेच परत देतं. तो थर गेला की खाली उरते ती नुसती लाल भिंत.

भाऊजींनी पुढे जे दाखवलं त्यात ती भिंतही उरलेली नव्हती.

डिचोलीच्या लोखंडाच्या खाणी पोर्तुगीज काळातल्या परवान्यांवर सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज मांडवीतून बार्जेसवर मुरगाव बंदरात आणि तिथून जपानला जाऊ लागलं, नंतर चीनला. २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती आणि दगड बाजूला टाकावा लागतो. त्याचे डंप म्हणजे डिचोलीचे नवे डोंगर. त्यांच्यावर आकेशियाची झाडं लावलीत, लांबून हिरवे दिसतात. पण खाली पाचोळ्याशिवाय फारसं काही उगवलेलं मला तरी दिसलं नाही. पावसात डंपांची धूप होऊन लाल गाळ शेतात उतरला. शिरगावात, जिथे लईराईची जत्रा भरते आणि धोंड निखाऱ्यांवरून चालतात, तिथल्या विहिरी आटल्याची तक्रार मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेली. कारण समजायला सोपं आहे: लोखंडाचा भुसभुशीत थर हाच पाणी धरणारा थर असतो, आणि खाण त्याच्या खाली गेली की पंप लावून ते पाणी उपसावं लागतं.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी दिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं बंद पडलं. २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले. हे वाचायला एक परिच्छेद लागतो. भाऊजींनी त्यात दोन्ही ट्रक विकले आणि आता त्यांचं किराणा दुकान आहे. मी विचारलं, "खाणी बंद झाल्या ते बरं झालं की वाईट?" ते म्हणाले, "वहिनीच्या विहिरीला पाणी आलं आणि माझ्या पोराची फी थकली. दोन्ही एकाच वर्षी. आता तूच सांग."

मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साखळीजवळ हरवळ्याला गेलो. धबधब्याला नुकतं पाणी आलं होतं, चहासारखं तांबूस. त्याच्या जवळच जांभ्यात कोरलेल्या लेण्या आहेत, सहाव्या-सातव्या शतकातल्या मानतात. पांडवांनी एका रात्रीत कोरल्याची गोष्ट इथेही आहेच. जांभ्यात लेणी कोरणं कसं जमलं, याचं उत्तर फ्रान्सिस बुकाननच्या प्रवासवर्णनात आहे. १८०० च्या आसपास म्हैसूर-मलबार फिरताना त्याने केरळात अंगाडीपुरमजवळ पाहिलं की हा दगड जमिनीत असेतो लोखंडी हत्याराने विटांसारखा कापता येतो आणि उन्हा-वाऱ्यात आला की टणक होतो. म्हणून त्याने विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, आणि १८०७ मध्ये ते छापून आलं. आपल्या चिऱ्याचं बारसं असं केरळात झालं. आमच्या आजोळच्या भिंती, विहिरीचं बांधकाम, तुळशीवृंदावन सगळं चिऱ्याचं. देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यातून खरवडून काढलेली लाल कावी चित्रं असतात ना, त्यातली काव म्हणजेही हाच गंज.

परत येताना मामेबहिणीने सातेरीच्या एका लहानशा देवळात नेलं. सातेरी म्हणजे वारूळ. गाभाऱ्यात खरोखरचं मातीचं वारूळ असतं, तीच देवी. मुलगी जरा बिचकली, मग तिने जे सांगितलं ते ऐकून पुजारीबुवांनी तिला दोन केळी जास्त दिली. ती म्हणाली, वाळवी खोलवरची बारीक माती एकेक कण करून वर आणते, पाचोळा आत नेते, जमिनीत हवा-पाण्याला वाटा करते. एवढ्या झिजलेल्या मातीत नांगरणी करणारी ती एकटीच. म्हणजे पूर्वजांनी ज्याला हात जोडले ती या मातीची कारखानदारीण होती. याच वारुळांवर जुलै-ऑगस्टमध्ये रोणाची अळमी उगवतात. आम्ही महिनाभर आधी गेलो म्हणून मिळाली नाहीत, हे दुःख मी अजून विसरलेले नाही. शागुती करतात तसं वाटण लावून केलेली अळमी एकदा खाल्ली की मटणाची आठवण येत नाही.

डिचोलीहून अस्नोडा, थिवी करत कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की धारगळ, आणि तिथून पेडणे. तासाभराचा रस्ता. दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेलेले. म्हणून इथे देवळं जागच्या जागी राहिली, शाळा मराठी राहिल्या आणि घरात कोकणी बोलणारी माणसं आरत्या मराठीत म्हणत राहिली. लोककथेत तर हे तालुके नात्याने बांधलेत: शिरगावची लईराई आणि मोरजीची मोरजाई सख्ख्या बहिणी, सातांपैकी दोघी.

पेडण्याचा डोंगर आतून कसा आहे हे साऱ्या देशाला कळलं ते कोकण रेल्वेमुळे. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटरची ही लाइन २६ जानेवारी १९९८ ला पुरी सुरू झाली. कठीण काळ्या कातळातून बोगदे काढणाऱ्या माणसांना पेडण्याच्या दीड किलोमीटरच्या बोगद्याने सगळ्यात जास्त रडवलं. कारण इथे कातळ नव्हताच, होतं ते चिऱ्याखालचं भाऊजींचं लोणी. ओली चिकणमाती खणावी तितकी पुन्हा आत येऊन भरायची, माणसंही दगावली. मावशीला ते दिवस आठवतात. ती तेव्हा मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची. ऑगस्ट २०२० मध्ये त्या बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये रुळांवर पाणी आणि चिखल आला, गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या.

आता आमचा डोंगर, आणि मूळ मुद्दा. तोच पाव, तेच लोणी. सड्यावर पडलेला पाऊस चिऱ्याच्या भोकाभोकांतून आत उतरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो, मग आडवा सरकत पायथ्याशी झर म्हणून बाहेर येतो. आमच्या भाटाच्या वरच्या अंगाला असा झर आहे. त्याच्यावर माड, केळी, घरचं पाणी आणि पूर्वी वायंगण भातसुद्धा होत असे. सडा उन्हाळ्यात काळा, रखरखीत आणि निरुपयोगी दिसतो. कोणालाही वाटेल की हा विकला तर बिघडलं काय? श्रावणात त्याच सड्यावर बोटभर उंचीच्या, निळ्या-पांढऱ्या फुलांचा गालिचा असतो, त्यात कीटक खाणारी दवबिंदूची रोपंही. पण फुलांचं सोडा. सडा ही आमच्या झराची टाकी आहे.

मावशीचं एक कॅलेंडर आहे. दर वर्षी मे महिन्यात, झर सगळ्यात बारीक असतो तेव्हा, ती पन्हळीखाली कळशी लावते आणि मारुतीस्तोत्र म्हणते. किती वेळा म्हणून होतं तेव्हा कळशी भरते, तो आकडा तारखेच्या चौकोनात लिहिते. जुनी कॅलेंडरं तिने माळ्यावर जपून ठेवलीत. पूर्वी बहुतेक वर्षी एक. शेजारच्या जमिनीत चिरेखाण सुरू झाल्यानंतर दीड, दोन. यंदा तीन.

मामेभाऊ म्हणाला, "मावशे, तू आता सावकाश म्हणतेस."

मावशी काही बोलली नाही. माझ्या मुलीने मात्र त्याची बाजू घेतली: पाऊस कमी-जास्त झाला असेल, झाडं वाढली असतील, एका खाणीवर ढकलता येणार नाही, आणि मोजायचं तर मोबाइलच्या घड्याळाने मोजायला हवं. मग तिने स्वतःच एक प्रयोग सुचवला. त्या दुपारी जोराची सर आली. छत्र्या घेऊन आम्ही सगळे उतारावर गेलो. एका बाजूला काजूंखालून येणारा ओहोळ, दुसऱ्या बाजूला चिरेखाणीकडून येणारा. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या भरल्या. काजूंकडची फिकट, तळाशी थोडा कचरा. खाणीकडची टोमॅटो साराच्या रंगाची. दोन्ही ओसरीवर ठेवल्या. सकाळी खाणीच्या बाटलीत तळाला दोन बोटं गाळ बसला होता आणि वरचं पाणी अजून तांबडंच होतं. ती दोन बोटं खाली भाताच्या कोपऱ्यात जाऊन बसणार होती, आणि त्याच्यावर भात होत नाही हे मावशीला शाळेत शिकावं लागलं नव्हतं.

चिकट दाण्यांची गंमत मुलांना दाखवायची म्हणून आम्ही लोणच्याच्या दोन बरण्यांतही काजूखालची माती घातली. एकीत साधं पाणी, दुसरीत पाणी आणि चमचाभर भांडी घासायचा साबण. खळखळून ठेवून दिल्या. साध्या पाण्यातली माती लवकर खाली बसली, जणू वाळूच. साबणाने दाण्यांची पकड सुटली आणि ती बरणी दुसऱ्या दिवशीही बरीच गढूळ होती. शार्लटच्या अंगणातल्या मातीवर हे कोणालाही करता येईल, सुट्टीत मुलांना दिवसभर पुरतं. (गोव्याची माती मात्र तुलनेसाठी आणता येणार नाही, परवान्याशिवाय परदेशी माती अमेरिकेत आणायला बंदी आहे. चिरंजीवांनी सॉक्समध्ये थोडी लपवली होती, ती मी निघताना काढून घेतली.)

संध्याकाळी ओसरीवर बैठक झाली. मामेभावाचं म्हणणं मी इथे नीट लिहिते, कारण लांब राहणाऱ्यांना 'वडिलोपार्जित जमीन विकू नये' म्हणणं फार सोपं असतं. काजूची राखण करायला माणूस मिळत नाही. माकडं अर्धी बी खातात. उन्हाळ्यात वणवा लागला तर रात्रभर झाडाच्या फांद्या घेऊन तो एकटा धावतो, आपण नाही. त्याला म्हापशाच्या घराचं कर्ज आहे. "तू वर्षातून एकदा येतेस, झर बघून खूश होतेस आणि जातेस," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

गिऱ्हाइकाला हवा होता सडा आणि वरचा उतार, कारण तिथून लांबवर तेरेखोलच्या बाजूचा समुद्र दिसतो. घरं बांधायची तर डोंगर कापून सपाट्या कराव्या लागणार. त्याला परवानगी लागते, नगर व ग्राम नियोजन कायद्यात त्याचंच कलम आहे, १७-अ. गिऱ्हाईक म्हणालं होतं ते आमच्यावर सोडा.

मावशी इतका वेळ भाजी निवडत होती. ती म्हणाली, "रस्त्याकडचा तुकडा विका. तो आधीच भराव घातलेला आहे, तिथली माती आपली नव्हेच. माझा वाटाही तुम्ही घ्या, त्याचं कर्ज फेडा. सडा विकायचा तर मी मेल्यावर विका, पण मग भाटही बरोबरच विका. टाकी विकून नळ ठेवण्यात काय अर्थ?"

मी वरच्या भागाच्या कागदावर सही केली नाही. रस्त्याकडच्या तुकड्यावर केली आणि माझा वाटा मामेभावाला दिला. मामेबहिणीचंही तेच ठरलं. त्याचं समाधान झालं असं म्हणता येणार नाही. रस्त्याकडचा तुकडा लहान आहे, त्यात कर्ज पुरतं फिटत नाही. निघताना त्याने आम्हाला विमानतळावर सोडलं, मुलांना काजूगर दिले, माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलला. चतुर्थीला सगळे एकत्र येतील तेव्हा पुन्हा विषय निघेल. वरच्या उताराचा काही भाग एखाद्या बागायतदाराला कराराने द्यावा, म्हणजे राखणीचा प्रश्न सुटेल, असं भाऊजींनी सुचवलंय.

माझ्या मुलीने मावशीला फोनमध्ये स्टॉपवॉच कसं लावायचं ते शिकवलं आणि पावसाचं पाणी मोजायला उभ्या भांड्यावर पट्टी चिकटवून दिली. जुलैमध्ये मावशीचा पहिला मेसेज आला: तारीख, मिलिमीटर, आणि झराची कळशी किती सेकंदांत भरली ते. खाली एक ओळ होती: "मारुतीस्तोत्र पण म्हटलं, निम्म्यातच भरली."